थोरलीचा निकाल

कृष्णाकाठ विद्यापीठातला कुलेतिहास विभाग एके काळी कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. ज्यांना इतिहासाला प्रवेश मिळाला नाही, मराठीला मिळाला नाही, पण वसतिगृहाची खोली काही सोडवत नाही, अशी पोरं तिथं येऊन टेकायची. दोन वर्षं वंशावळी जुळवायच्या, कुणाच्या तरी घरचे कुलवृत्तांत चाळायचे, हिवाळ्यात एक सहल काढायची आणि पदवी घेऊन बँकेच्या परीक्षेला बसायचं. विभागाच्या दारात कुत्री निवांत झोपलेली असायची.

मग जनुकवाचनाचा कायदा आला.

कायदा चांगल्या हेतूनं आला होता, हे आधी सांगायला हवं. त्याच्या आधी काही वर्षं लोकांनी एकमेकांची जनुकं वाचून नुसता उच्छाद मांडला होता. मुलगी बघायला आलेली मंडळी तिनं पाणी प्यायलेला पेला पिशवीत घालून पसार व्हायची. नोकरीच्या मुलाखतीत चहा दिला की उमेदवार कप रुमालानं पुसूनच खाली ठेवायचा. विम्याची तर गोष्टच नको. शेवटी सरकारनं ठरवलं, की ज्या रोगावर औषध नाही त्याच्यासाठी जिवंत माणसाची जनुकं वाचायचीच नाहीत. आजारी माणसाचीसुद्धा नाहीत, कारण आईचा निकाल हा आपोआप मुलांचा निकाल होतो. कायदा मोडला तर तुरुंग. मेलेल्यांना मात्र, मरून पन्नास वर्षं झाली असली, तर वाचायची मुभा होती. मेलेल्याचा विमा कोण उतरवतो, आणि त्याला मुलगी तरी कोण देतो?

मेलेल्यांना नातवंडं-पतवंडं असतात, एवढी साधी गोष्ट कायदा करणाऱ्या शहाण्यांच्या लक्षात आली नाही. लोकांच्या मात्र महिन्याभरात आली. स्वतःला वाचता येत नाही ना, मग पणजीला वाचू! पणजीत जे सापडेल ते मोजत मोजत आपल्यापर्यंत आणू. बघता बघता कुलेतिहास विभागाच्या दारातली कुत्री हलली आणि तिथं माणसांची रांग लागली. कुणाच्या हातात आजोबांची कवळी, कुणाकडं पणजीची फणी, कुणाकडं जरीची टोपी. प्रवेशासाठी वशिले लागू लागले. जी मुलं पूर्वी नाइलाजानं यायची त्यांच्या जागी आता घरात आजारपण असलेली मुलं येऊ लागली. वर्गात हशा कमी झाला.

सावनी खराडे त्यांच्यातलीच एक.

तिच्या आईला, स्नेहलताईंना, पन्नाशी ओलांडल्यावर संध्याकाळचं कमी दिसायला लागलं. मग दुपारचंही. मग चालताना उजवा पाय मागं राहायला लागला. सांगलीतल्या डॉक्टरांनी दोन शक्यता सांगितल्या. एक तर हा वयाबरोबर येणारा नसांचा साधा ऱ्हास आहे, तो आईपुरता राहील. नाहीतर झाकोळ आहे. झाकोळ हे लोकांनी ठेवलेलं नाव. डॉक्टरांचं नाव ओळभर लांब होतं. आधी डोळे, मग पाय, मग माणसांची ओळख, असा तो आजार क्रमानं सगळं काढून घेतो. औषध नाही. दोन्हींची लक्षणं सारखीच, आणि फरक सांगू शकणारी एकमेव चाचणी कायद्यानं बंद.

"माझं जे व्हायचं ते होतंच आहे," स्नेहलताई म्हणाल्या होत्या. "तुम्हां दोघींचं काय ते बघा."

दोघींपैकी थोरली गार्गी. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, बोलायला फटकळ, सावनीपेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिचा नवरा विराज साधा माणूस होता. लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी गार्गीनं मूल होऊ दिलं नव्हतं. सासरची माणसं आडून विचारायची, ही सरळ उत्तर द्यायची, "आईचं काय ते कळल्याशिवाय नाही." आणि सावनीला म्हणायची, "तू एवढी त्या विभागात बसलीयस तर काहीतरी शोधून काढ की. का नुसती घराणी मोजतेस लोकांची?"

झाकोळ समजायला फार विज्ञान लागत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे बारीक कण असतात. पेशीला लागणारी ताकद तेच तयार करतात. त्यांच्याकडं स्वतःची एक छोटीशी जनुकमाळ असते आणि ती फक्त आईकडून येते. बापाचा तिथं काही संबंध नसतो. पणजीकडून आजीला, आजीकडून आईला, आईकडून मुलाला, अशी ती जशीच्या तशी खाली उतरते. झाकोळचा दोष या माळेत असतो. म्हणजे आईत तो असेल तर तिच्या सगळ्या मुलांत आलाच. पुढं मुलगे तो कुणाला देत नाहीत, मुली देतात. गमतीची गोष्ट अशी, की ज्या बायकांना कुलवृत्तांतात कुणी नावानिशी लिहिलं नाही, त्याच आता सगळ्यांना हव्या झाल्या होत्या.

पण त्यांना आणायचं कुठून? आपल्याकडं माणूस जाळतात आणि राख नदीत सोडतात. उरते ती वस्तू. वस्तूच्या खाचेत घाम, कातडीचा भुगा, तेलकट मळ साठतो. एका पेशीत या माळा शेकड्यांनी असतात, त्यामुळं बाकी सगळं कुजून गेलं तरी त्यातली एखादी, तुटकीमुटकी का होईना, सापडते. चांदीवर तर हमखास सापडते, कारण मळ खाऊन टाकणारे जंतू चांदीवर टिकत नाहीत.

हे तुकडे जुळवणारं एक यंत्र विभागात होतं. कपाटाएवढं, सदान्‌कदा घुमणारं. दुसऱ्यांच्या घरातलं सगळं त्याला ठाऊक असतं म्हणून मुलांनी त्याचं नाव शेजारीण ठेवलं होतं. माळ जितकी जुनी तितकी जास्त तुटलेली असते, यावरून शेजारीण मळाचे थर वेगळे करायची. पन्नास वर्षांच्या आतले थर ती न वाचताच जाळून टाकायची. कायदाच तसा होता.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी घराणं निवडायची वेळ आली तेव्हा सावनीनं आईचंच आजोळ निवडलं. आईची आई हृदयविकारानं चाळिशीतच गेली होती, त्यामुळं तिच्यावरून काही कळत नव्हतं. आईची आजी शेवटी आंधळी झाली होती, पण ऐंशीच्या बाईला दिसत नाही म्हटल्यावर तेव्हा कुणी कारण विचारलं नाही. आणि दोघींना मरून पन्नास वर्षं झालेली नव्हती. राहिली त्या आजीची आई.

"तिला सगळे थोरलीच म्हणायचे," स्नेहलताई पलंगावर बसून सांगत होत्या. "नाव काय होतं कुणास ठाऊक. पहिल्या बाळंतपणातच गेली बिचारी. मुलगी तेवढी जगली, ती माझी आजी. मग आजीच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं. ती धाकटी. आजीला धाकटीनंच वाढवलं, अगदी पोटच्या पोरीसारखं."

"तिचं काही आहे का घरात?"

स्नेहलताईंनी देव्हाऱ्याखालचा खण उघडायला लावला. हातानं चाचपत त्यांनी एक डबी काढली. आत बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा होता. त्याच्यावर हात जोडून उभी असलेली एक बाई उमटवलेली. वरच्या बाजूला कडी, कडीत जुनाट काळा दोरा.

"ही आमची थोरली," त्या म्हणाल्या. "आजी सणासुदीला हिला हळदकुंकू लावायची. पुढं आईनं डबीत ठेवली ती ठेवलीच."

सावनीनं ते पदक उजेडात धरलं. बाईच्या पायांपाशी, नक्षीच्या खाचांत काळा मळ घट्ट बसला होता. इतक्या वर्षांचा मळ बघून कुणाला आनंद झाल्याचं आपण ऐकलं नसेल, पण तिला झाला. प्रबंधात तिनं लिहिलं: थोरलीच्या गळ्यातील पदक. विभागप्रमुख डॉ. तेजस्विनी बाबर यांच्या हाताखाली त्या वर्षी इतकी मुलं होती की त्यांना प्रत्येकाची वस्तू नीट बघायला सवड नव्हती. त्यांनी सही केली.

शेजारणीनं दोन दिवस घेतले. सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना थर एकाच बाईचा निघाला. त्याची माळ पूर्ण जुळली. पडद्यावर निकाल आला: दोष आढळला नाही.

सावनी विभागाच्या पायऱ्यांवर बसून फोनवर रडली. पलीकडून गार्गीनं विचारलं, "नीट बघितलंस ना गं?"

"नीट बघितलं, ताई. निर्मळ आहे. आईचा आजार आईपुरता आहे."

पुढच्या रविवारी गार्गी आणि विराज सांगलीला आले. विराजनं बासुंदी आणली होती. स्नेहलताईंनी वाटी नीट दिसत नसताना दोनदा मागून घेतली. कित्येक महिन्यांनी त्या घरात जोरजोरात बोलणं चाललं होतं. आणि वर्ष सरायच्या आत गार्गीला दिवस गेले.

आठव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी माहेरी आली. त्याच सुमारास सावनीची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक डॉ. रणनवरे हे जुन्या वळणाचे गृहस्थ होते. प्रबंध त्यांना आवडलेला दिसत होता. पानं उलटत ते पदकाच्या छायाचित्रापाशी थांबले.

"हे कुणाच्या गळ्यातलं म्हणालात?"

"थोरलीच्या, सर. म्हणजे माझ्या खापरपणजीच्या."

"आणि यावर उमटवलेली ही बाई कोण?"

"कुठलीतरी देवी असेल, सर. ओळख पटली नाही."

"हातात शस्त्र नाही, वाहन नाही. हात जोडून उभी आहे. देवी कशाला हात जोडेल हो?" रणनवऱ्यांनी चष्मा काढला. "हा टाक आहे. मेलेल्या माणसाचा. देव्हाऱ्यातल्या टाकाला कडी नसते, याला आहे. का आहे?"

सावनीनं डॉ. बाबरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पहिली बायको गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की पहिलीचा असा टाक करायचे," रणनवरे सांगू लागले. "आणि तो दुसरीच्या गळ्यात बांधायचे. थोरलीनं धाकटीला त्रास देऊ नये म्हणून. नवं लुगडं नेसायचं तर आधी तिला दाखवायचं, गोडधोड खायचं तर आधी तिला. जन्मभर उतरवायचा नाही. माझ्या आजीच्या गळ्यात होता, मी पाहिलाय. आता दुसरेपणाची लग्नंच तशी राहिली नाहीत, तुम्हां मुलांना कुठून माहीत असणार!"

"म्हणजे यावरचा मळ..."

"धाकटीचा. दुसऱ्या कुणाचा असेल? थोरली मेल्यावर तर हा घडवला. तिनं तो डोळ्यांनी बघितलासुद्धा नाही."

ते चांगले गृहस्थ होते. परीक्षा घेण्यापलीकडं आपण काही केलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सुधारणा सुचवल्या, पाणी प्यायले आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

सावनी डॉ. बाबरांच्या खोलीत बसून राहिली. धाकटी निर्मळ होती. पण धाकटीचं रक्त या घरात कुणातच नव्हतं. तिनं फक्त एक पोर वाढवली होती. थोरलीबद्दल कालपर्यंत जितकं माहीत होतं तितकंच आजही होतं, म्हणजे काहीच नाही.

"मी बघायला हवं होतं," डॉ. बाबर म्हणाल्या. "माझी चूक आहे. प्रबंध दुरुस्त करून परत दे, पदवीचं मी बघते."

"पदवी खड्ड्यात गेली, मॅडम. माझ्या बहिणीला आठवा महिना आहे."

डॉ. बाबरांच्या विभागानं दिलेला निकाल चुकला तर वंशजांना कळवणं त्यांना बंधनकारक होतं. "मी ते कळवणं थोडं लांबवू शकते," त्या म्हणाल्या. "तोवर तूच सांग. घरच्या माणसाकडून कळलेलं बरं."

घरच्या माणसाकडून कळलेलं बरं असतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा ते सांगून बघावं.

सावनीनं तीन-चार दिवस घालवले. मग एका सकाळी गार्गी अंगणात ऊन खात बसली होती, तेव्हा तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. टाक म्हणजे काय, कडी कशासाठी, मळ कुणाचा.

गार्गी आधी हसलीच. "म्हणजे आपण सवतीला वाचलं?"

"हो."

"आपल्या पणजीच्या सावत्र आईला."

"हो, ताई."

"आणि मी त्या बाईच्या भरवशावर..." तिनं पोटावर हात ठेवला. तिचा आवाज चढला. "सावनी, मी तुला विचारलं होतं. नीट बघितलंस ना, असं विचारलं होतं. मी धरणाच्या भिंतीला साधी ओल आली तरी तीन जागी खणून बघते. तू एक पत्रा घासलास आणि मला सांगितलंस, हो!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून काय करू मी आता? परत घालू याला?"

आतून स्नेहलताईंनी विचारलं, "काय झालं गं?" दोघी एकदम "काही नाही" म्हणाल्या.

पोटातल्या बाळानं लाथ मारली असावी, कारण गार्गी मध्येच दचकून सरळ बसली. मग ती अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात म्हणाली, "आपल्या दोघींत एकच माळ आहे ना? आईची?"

"हो."

"मग तुझी थुंकी घाल त्या शेजारणीत."

"ताई, तुरुंग आहे त्याला."

"मला माहितीये. मी तुला घाल म्हणतेय." गार्गीनं तिचं मनगट धरलं. "असेल तर असेल, बाळ तर होणारच आहे. पण मी ते हातात घेईन तेव्हा मला माहीत पाहिजे. नुसतं हो की नाही, एवढंच सांग. हे असं मध्ये लोंबकळत मला नाही बाळंत व्हायचं, सावनी."

ती रडत होती. गार्गीला रडताना सावनीनं वडील गेले तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं.

शेजारणीला जिवंत कोण आणि मेलेलं कोण हे कळत नसे. तिला फक्त जुनं आणि नवं कळायचं. ताजी थुंकी घातली असती तर तिनं ती न वाचता जाळली असती. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रात्यक्षिकात शेळीचा केस भट्टीत घालून शंभर वर्षांचा करायला शिकवत. माळ किती तापवली की किती तुटते याचं गणित सावनीला तोंडपाठ होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी, विभागात कुणी नसताना, तिनं चांदीच्या पट्टीवर आपली थुंकी वाळवली आणि पट्टी भट्टीत ठेवली. काचेतून ती बघत राहिली. आत तीच होती, शंभर वर्षांची होत होती.

शेजारणीनं मृत्यूचं साल विचारलं. तिनं थोरलीचं अंदाजाचं साल दिलं. काम सरावाचं आहे असं सांगितलं, म्हणजे निकाल कुठं साठत नाही आणि कुणाला जात नाही. मग ती स्टुलावर बसली. त्या तासांत ती काय काय बोलली असेल ते तिचं तिला माहीत. देवाचं नाव घेतलं, हे नक्की. कुठल्या देवाचं ते तिलाही आठवत नाही.

वेगळे करायला थर नव्हते, त्यामुळं दोन दिवस लागले नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आधी निकाल आला: दोष आढळला.

तिनं तो दोनदा वाचला आणि पुसला. पट्टी घासून स्वच्छ केली. मग तिथंच फरशीवर बसली. आधी तिला स्वतःचं काहीच वाटलं नाही. आईचं वाटलं. आईला आता आपण एखादे दिवशी अनोळखी होणार. मग ताईचं. मग त्या अजून डोळे न उघडलेल्या पोराचं. मुलगा असेल तर निदान पुढं देणार नाही. मग एकदम, घोटभर पाणी नाकात जावं तसं, स्वतःचं आठवलं आणि ती मोठ्यानं रडायला लागली. यंत्र घुमत होतं म्हणून बरं, बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी परत आली तेव्हा गार्गी फाटकाशीच उभी होती. पायांवर सूज होती तरी उभी होती.

येताना रिक्षात सावनीनं ठरवलं होतं की खरं सांगायचं. शब्दसुद्धा जुळवले होते. पण समोर ती सुजलेली पावलं आणि फाटकाची कडी घट्ट धरलेला हात दिसला.

"निर्मळ," ती म्हणाली.

गार्गीनं डोळे मिटले. "आईशप्पथ सांग."

"आईशप्पथ."

गार्गीनं तिला इतकं घट्ट धरलं की मध्ये आलेलं पोट दोघींना टोचलं. त्या रात्री गार्गी खूप जेवली. बऱ्याच दिवसांनी तिच्या टोमण्यांना धार आली. "शंभर वर्षांची झालीस तरी अक्कल आली नाही," असं ती भट्टीची हकीकत ऐकून सावनीला म्हणाली आणि स्वतःच खूप हसली. सावनीही हसली.

मुलगी झाली. ठणठणीत, जावळ दाट, आवाज असा की शेजारच्या गल्लीत कळावं. बारशाला विराजकडची माणसं आली, घुगऱ्या वाटल्या, मुलीचं नाव मैथिली ठेवलं. सावनीनं आत्याकडून कुर्र करून घेताना बाळ धरलं होतं. तिला मुलं फार आवडायची. गल्लीतली सगळी कच्चीबच्ची तिच्यामागं लागलेली असायची.

डॉ. बाबरांनी पुढं घरी येऊन रीतसर कळवलं, की आधीचा निकाल रद्द, थोरलीबद्दल निश्चित काही सांगता येत नाही. गार्गीनं त्यांना चहा दिला आणि "ठीक आहे, मॅडम" म्हणाली. त्यांना वाटलं, बाई मोठी धीराची आहे.

आणि आता गार्गीला एकच काम उरलं होतं, धाकट्या बहिणीचं लग्न. विराजचा मावसभाऊ तन्मय बारशाला आला होता. कोल्हापूरला जनावरांचा डॉक्टर, बोलका, दिसायला बरा. तो नंतर दोनदा काहीतरी निमित्त काढून आला. तिसऱ्यांदा निमित्तसुद्धा काढलं नाही. सावनी त्याच्याशी बोलताना खुलायची, हे चष्मा नसतानाही कुणालाही दिसलं असतं. स्नेहलताईंनासुद्धा नुसत्या आवाजावरून कळलं होतं.

तन्मयनं विचारलं. सावनी नाही म्हणाली. महिन्यानं त्यानं परत विचारलं, तेव्हा ती आत निघून गेली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही.

गार्गीची सासरी जायची वेळ झाली. सामान बांधून झालं होतं, विराज गाडी आणायला गेला होता. बाहेर कडक ऊन पडलं होतं आणि दारातून ते अर्ध्या खोलीपर्यंत आलं होतं. गार्गी मैथिलीला मांडीवर घेऊन पाजत होती. सावनी दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"तन्मयला नाही का म्हणालीस?"

"मला शिकायचंय अजून."

"तो शिकू नको म्हणाला?"

"नाही."

"मग आवडत नाही का तो?"

सावनीनं घडी मोडली आणि परत घालायला घेतली.

"तसं नाही गं, ताई. मला लग्नच करायचं नाही. मूलबाळ, संसार... मला नको वाटतं."

"तुला?" गार्गी म्हणाली. "तुला मूल नको वाटतं?"

सावनीनं दुसरं दुपटं उचललं. गार्गीनं काहीतरी चिडवायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. ती बहिणीकडं बघत होती. सावनीला दुपट्याच्या कडा जुळवता येईनात.

"सावनी," गार्गी अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी..."

सावनीनं मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते. आता खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं, आणि ती बोलणार होती, हे गार्गीला दिसलं.

"थांब," गार्गीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "नको. बोलू नकोस. आईशप्पथ म्हणाली होतीस ना? तेच राहू दे. मी काही विचारलं नाही. तू काही सांगितलं नाहीस."

मैथिली दूध सोडून झोपली होती, ओठ अजून चोखत होते. गार्गी तिच्याकडं बघत राहिली. आता तिला ते दोघींचं, तिघींचं, आतल्या खोलीतल्या आईसकट चौघींचं, सगळं एकदम कळत होतं. ओरडावंसं वाटत होतं आणि पोरगी जागी होईल म्हणून ओरडता येत नव्हतं.

आतल्या खोलीतून स्नेहलताईंची हाक आली.

"गार्गी, अगं लाईट गेली का गं? एकदम अंधार झाला."

दोघींनी दाराकडं बघितलं. ऊन खोलीत आणखी आत आलं होतं, आणि डोक्यावरचा पंखा फिरत होता.

"हो आई, गेलीय," गार्गी म्हणाली. आवाज कुठंही हलला नाही. "सगळ्या गल्लीतच गेलीय. येईल इतक्यात. तू उठू नकोस, मी येते."

तिनं मैथिलीला सावनीच्या मांडीवर ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि आईला धरायला आत गेली.